मावशीनं गाणं उचललं

पाहुण्याचं भाषण गाण्यानं तोडायचं नसतं. आपल्या माणसाचं तोडावं, त्याला कुणाची ना नाही. तो वाहवत गेला, वंशावळीत चुकला, नको ते बरळायला लागला, की घरातल्या म्हातारीनं उठावं, गाणं उचलावं, बाकीच्या बायांनी तिच्या मागं उभं राहावं आणि बोलणाऱ्यानं मुकाट्यानं खाली बसावं. वाईहुआ गावच्या सभाघरापुढं बोलतात पुरुष, पण कुठं थांबायचं ते बाया ठरवतात. टे पाएआ मावशीनं तर आपल्या भाच्याला, टामातीला, तीनदा असं खाली बसवलं होतं. तिसऱ्या वेळी तो नुसता खाकरला होता. पण पाहुण्याला? पन्नाशी उलटली तरी मेरेआनानं असलं काही कधी पाहिलं नव्हतं, आणि ईस्टरच्या शनिवारी पाहिलं ते नेमकं आपल्या सख्ख्या मावशीकडून.

सकाळ तशी चांगली उजाडली होती. टेकडीवरच्या दफनभूमीत नवा दगड उभा होता, त्यावर घरातला पिसांचा झगा पांघरला होता, आणि दुपारच्या आत तो झगा उतरायचा होता. दगड मेरेआनाचा. म्हणजे मेहनत तिची. सात वर्षं ती एका गोऱ्या माणसाच्या मागं होती. देवमासे मारणाऱ्या जहाजावरून बंदुकांची पेटी घेऊन पळालेला, होडीनं या खाडीत आलेला जेकब थॉर्न, इथल्यांच्या तोंडी हाकोपा, तिच्या घराण्याचा मूळ पुरुष. घरात त्याचा तंबाखूचा एक तुटका पाइप होता, एक भाला होता आणि शंभर थापा होत्या. मेरेआनानं त्याचं इंग्लंडातलं बंदर शोधलं, तिथं जाऊन त्याच्या आईच्या थडग्यावर हात ठेवून आली. नवरा हयात होता तेव्हा म्हणायचा, "माझ्यामागं एवढी फिरली असतीस तर मी घरीच राहिलो असतो."

दगडावर कोरलं होतं: हाकोपा थॉर्न, आणि त्याची पत्नी हारियाता, सरदार टे काहू यांची ज्येष्ठ कन्या. त्यातल्या 'ज्येष्ठ' या शब्दावर सगळं अडलं होतं. बोलणाऱ्यांच्या बाकावरची पहिली जागा गेल्या हिवाळ्यात रिकामी झाली होती. तिच्यावर बसेल तो वाईहुआच्या वतीनं बोलणार, खाडीबद्दल, जमिनीबद्दल, सरकारापुढं आणि पाहुण्यांपुढं. रावीरी म्हणायचा, मी टे काहूच्या मुलाच्या वंशातला, जागा माझी. मेरेआना म्हणायची, आम्ही मुलीच्या वंशातले असू, पण मुलगी थोरली होती, म्हणून जागा टामातीची. दगडावरचा झगा उतरला, सगळ्यांनी वाचलं आणि कुणी हरकत घेतली नाही, की विषय मिटला.

रावीरी पहाटेपासून भट्टीच्या खड्ड्यापाशी फावडं घेऊन उभा होता. तापलेल्या दगडांवर डुक्कर, कोंबड्या, रताळी रचून वरून माती ओढली होती.

"काय मेरे, खापरपणजोबाच्या बापाचं बारसं आज का एकदाचं?" त्यानं विचारलं.

"तू तुझ्या डुकराकडं बघ. कच्चं राहिलं तर पाहुणे तुझ्या नावानं पोट धरून बसतील."

"डुक्कर शिजेल गं. डुकराला वंशावळ नसते."

ती हसली. रावीरीवर राग धरणं अवघड होतं, तो भांडायचा तेही जेवायला वाढता वाढता.

स्वयंपाकघरात मावशी पाव कापत बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, हनुवटीवर गोंदण, हाताला जराही कंप नाही.

"आजचे पाहुणे कोण म्हणालीस?" तिनं विचारलं.

"दहादा सांगितलं मावशी. त्या थुंकीच्या तपासणीत आपलं रक्त ज्यांच्याशी जुळलं ते. दक्षिणेकडचे. हाकोपा खलाशी माणूस, तिकडं कुठं उतरला असेल आणि एखादं लेकरू ठेवून आला असेल. आपलेच भाऊबंद."

"दक्षिणेकडचे म्हणजे कुठले?"

"वाईतोरे नदीकाठचे."

मावशीची सुरी पावात अडकली ती तशीच राहिली.

"त्यांना सांग येऊ नका म्हणून."

"मावशी! त्यांची बस पुलावर आलीय!"

"मग पाहुण्यांना हाक तू घाल," मावशी म्हणाली. "माझा घसा बसलाय."

तिचा घसा काही बसलेला नव्हता. मेरेआनाला ते कळलं, पण फाटकाशी काळे कपडे घातलेली माणसं गोळा व्हायला लागली होती. म्हातारं माणूस आहे, असेल काही, असं म्हणून ती धावली. पुढं कितीतरी दिवस ती स्वतःला विचारत राहिली, तेव्हाच का नाही थांबले मी?

हाक घातली, पाहुणे हळूहळू अंगणात आले, आपल्या मेलेल्यांसाठी आणि इथल्या मेलेल्यांसाठी रडले आणि समोरच्या बाकांवर बसले. इथल्या रीतीनं आधी घरच्यांनी बोलायचं. रावीरी बोलला, गोड बोलला. टामाती बोलला. पंचावन्न वर्षांचा, शाळेत गणित शिकवणारा हा भाऊ घरात दोन वाक्यं बोलायचा नाही, पण काठी हातात आली की वेगळाच माणूस व्हायचा. त्यानं हाकोपाची गोष्ट सांगितली. सरदारानं गोऱ्याच्या बंदुका पाहिल्या आणि पोटची थोरली पोर त्याला दिली, असं म्हणताना तो सगळ्यांसमोर रडला. मेरेआनाचे डोळे ओले झाले.

मग पाहुण्यांतला मानाही उठला. सत्तरीचा, वाकलेला, पायात चकचकीत बूट. त्यानं काठीवर दोन्ही हात ठेवले.

"मेरेआना कोण? तू का? बाळा, तू आम्हाला शोधलंस, तुझे उपकार आहेत. तुला वाटलं तुमचा हाकोपा आमच्याकडं लेकरू ठेवून गेला. वाईट वाटून घेऊ नकोस. आमच्या घरात गोऱ्याचा थेंब नाही. आम्ही बाराही बाजूंनी तपासलं. तुझं नि माझ्या पुतणीचं रक्त जुळतं, पण ते गोऱ्याकडून नाही जुळत."

बाकांवर चुळबुळ झाली. गोऱ्याकडून नाही? मग कुणाकडून?

"आमची वंशावळ एका जागी तुटते," मानाही पुढं म्हणाला. "पाच भावंडं होती. चौघांची लेकरं ही समोर बसलीत. पाचवी सगळ्यांत धाकटी, पोरगी होती. ज्या वर्षी उत्तरेकडून बंदुका घेऊन होड्या आल्या, त्या वर्षी ती—"

आणि मावशी उठली.

काठी न घेता उठली. मेरेआनाला आधी वाटलं, चक्कर आली की काय. पण मावशीनं पदर सारखा करावा तशी खांद्यावरची शाल ओढली, तोंड उघडलं आणि गाणं उचललं. पाहुण्याच्या तोंडातलं वाक्य अर्धं राहिलं. रावीरीच्या हातून चष्मा पडला. कुणीतरी लहान पोर हसलं, त्याला आईनं दाबलं. "अरे देवा," टामाती म्हणाला, तेही सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

अपमान एवढ्यावर थांबला असता तरी पुरला असता. पण घाईत मावशीच्या तोंडी जे आलं ते सभेतलं गाणं नव्हतंच. घरच्या बाया सवयीनं उठल्या, मागं उभ्या राहिल्या आणि एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणालाच ते येत नव्हतं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई भर अंगणात एकटी गात होती.

*नीज गं नीज, वाईतोरेचं पाणी निजलं,*
*पुकेराऊच्या पाठीशी चांदणं विझलं,*
*तुझ्या बापाची होडी, बाई, वाळूत निजली...*

मेरेआनाला येत होतं. ती अंगाई होती. लहानपणी आई गेल्यावर ती मावशीच्या कुशीत याच गाण्यावर झोपली होती. मावशी तेव्हा बजवायची, हे घरातलं आहे, बाहेर म्हणायचं नाही. ती नावं कुठली, असं विचारलं तर म्हणायची, गाण्यातली. आणि मेरेआनानं तीच नावं स्वतःच्या पोरांच्या पाळण्याशी गायली होती. ऐकता ऐकता ती कानाला इतकी घरची झाली होती, की वाईतोरेवरून पाहुणे येणार असं कळलं तेव्हाही तिच्या डोक्यात दिवा पेटला नाही! आता पेटला. पण मावशीला एकटं पाडणं शक्य नव्हतं. गाणं उचलणारीच्या मागं घरच्या बाईनं उभं राहायचं, मग ती चूक असो की बरोबर. मेरेआना उठली आणि गायला लागली.

कडवं संपलं. मावशीनं श्वास घेतला, आता संपलं म्हणून. आणि समोरून, पाहुण्यांच्या बाकावरून, दुसरं कडवं उठलं.

ती मानाहीची थोरली बहीण होती, तीरिया. दोघींनी धरून उठवली तेव्हा उभी राहिली, पण आवाज खणखणीत होता. तिच्यामागं पाहुण्यांच्या सगळ्या बाया उठल्या आणि गायल्या. हे कडवं मेरेआनानं कधी ऐकलं नव्हतं. मावशीनंही नसावं. ती तोंड उघडं ठेवून बघत राहिली आणि तिच्या हनुवटीवरचं गोंदण थरथरायला लागलं.

गाणं संपलं तेव्हा मानाहीची काठी जमिनीवर पडलेली होती. ती उचलायचं कुणाला सुचलं नाही. मग तीरियानं तोंडावर हात घेतला आणि ताजं मयत घरात असावं तसा टाहो फोडला.

* * *

पाहुण्यांना कसंबसं चहाला बसवलं. मेरेआनानं मावशीला दंडाला धरून स्वयंपाकघरामागं, लाकडांच्या ढिगापाशी नेलं. टामाती मागोमाग आला, रावीरीही आला.

"तू कशाला?" टामाती म्हणाला.

"वा! माझ्या अंगणात पाहुण्याचं तोंड बंद केलं आणि मी कशाला?"

"बोल मावशी," मेरेआना म्हणाली. "हारियाता कोण होती?"

मावशी ओंडक्यावर बसली. "बसले म्हणून सांगते. उभ्यानं नसतं सांगितलं," ती म्हणाली. "तिचं नाव हारियाता नव्हतं. टे काहूनं तिला दक्षिणेतून धरून आणली होती. रताळी खणायला, पाणी भरायला. हाकोपानं बंदुकांच्या बदल्यात सरदाराची लेक मागितली. सरदाराला आणखी बंदुका हव्या होत्या, पण पोर द्यायची नव्हती. त्यानं या पोरीला न्हाऊमाखू घातलं, आपल्या लेकीचा झगा घातला, लेकीचं नाव दिलं आणि दिली पाठवून. गोऱ्याला काय कळतंय!"

खड्ड्याच्या मातीतून वाफ येत होती.

"हाकोपाला कळलं नाही कधी?" टामातीनं विचारलं.

"पहिल्याच रात्री कळलं. तिनंच सांगितलं. तो कुणाला बोलला नाही. पण घराच्या आत त्यानं तिला एकदाही हारियाता म्हटलं नाही, असं माझी आजी सांगायची. पेती आजी. ती त्या म्हातारीच्याच मांडीवर वाढली होती."

"आणि तू?" मेरेआना ओरडली. "तुला माहीत होतं! मी सात वर्षं वणवण केली, इंग्लंडला गेले, दगड कोरून घेतला, 'ज्येष्ठ कन्या' लिहिलं, तुला वाचून दाखवलं! तू म्हणालीस, अक्षर छान आहे!"

"अक्षर छानच आहे."

"मावशी!"

"मी काय सांगणार होते गं? तू गोऱ्याचा माग काढत होतीस. बाईचा माग काढावा असं तुला कधी वाटलं? तिला तू इथलीच धरून चालली होतीस. मी म्हटलं, चालू दे. टामाती बाकावर बसतोय. माझ्या बहिणीच्या पोराला आता गुलामाची औलाद म्हणून कुणी उठवावं, असं मला वाटेल का?"

शब्द निघून गेला. या गावात चोर म्हटलं तर माणूस हसून सोडायचा, या शब्दावर मात्र पूर्वी मुडदे पडले होते.

रावीरी हसला. आनंदानं नव्हे, धक्क्यानं माणूस हसतो तसा. "म्हणजे," तो म्हणाला, "तुम्ही टे काहूचे कुणीच नाही. आणि दोन पिढ्या आमच्या डोक्यावर बसून—"

"हस," मावशी म्हणाली. "पोटभर हस रावीरी. ती गुलाम होती. कुणाची गुलाम होती, ते पण सांग की. तिकडं तिचं घर चहा पितंय. जा, सांग त्यांना, तुमची पोर आमच्या आज्यानं आणली होती. तुझ्या आज्यानंही तुला कधी सांगितलं नाही ना? आमची लाज आम्ही झाकली, तुमची तुम्ही झाकली. एकाच गोधडीत झोपलो आपण."

रावीरीचं हसणं थांबलं. त्यानं चहाच्या मंडपाकडं पाहिलं आणि घाईनं मान फिरवली. मग खिशात काहीतरी शोधत राहिला, खिशात काही नव्हतं.

टामातीनं भाषणाची काठी लाकडांच्या ढिगाला टेकवून ठेवली. "मी बाकावरून उठतो," तो म्हणाला.

"दादा, थांब."

"काय थांबू? मघाशी सगळ्यांसमोर रडलो मी, मेरे. पोटची पोर दिली म्हणून रडलो!"

आपण टेकडीवर खोटं उभं करून आलो, तेही पावणेदोनशे किलोचं, एवढंच मेरेआनाला सुचत होतं. झगा उतरवला तर खोटं सगळ्यांच्या साक्षीनं खरं होणार. नाही उतरवला तर टामातीची जागा गेली, मावशीचा मान गेला आणि गावाच्या तोंडी पुढची शंभर वर्षं हा शब्द. तिच्या पोरांना, पोरांच्या पोरांना.

पावलं वाजली. मानाही येत होता, तीरियाला धरून. रावीरी ढिगाआड सरकला.

मावशी ओंडक्यावरून उठली. "तुमचं बोलणं तोडलं," ती म्हणाली. "माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलंच," मानाही म्हणाला. "बेचाळीस वर्षं बोलतोय मी, असं कुणी बसवलं नव्हतं मला." मग तो थांबला. "पण मी बसलो नाही अजून. माझं वाक्य अर्धं आहे. ते मला तिच्यापाशी पुरं करू द्या. भांडायला नाही आलो आम्ही. पोर सापडली म्हणून आलोय."

* * *

सगळे टेकडी चढले. पाहुणे, घरचे, मागून उगाच आलेली पोरं. रावीरी कुंपणाबाहेरच थांबला, फाटकाला हात लावीना. तीरियानं ते पाहिलं.

"तो कोण?"

"टे काहूचा," मावशी म्हणाली. लपवण्यासारखं आता राहिलंच काय होतं.

तीरिया त्याच्याकडं वळली. रावीरीची मान खाली गेली. "आत ये," ती म्हणाली. "बाहेर उभा राहून काय ते फिटणार नाही. आत ये आणि ऐक."

तो आला, सगळ्यांच्या मागं उभा राहिला.

मानाही झगा पांघरलेल्या दगडासमोर उभा राहिला आणि त्यानं सुरुवातीपासून वंशावळ धरली. डोंगर, नदी, होडी, माणसं. बापामागून लेक, लेकामागून नातू, एका दमात. पाच भावंडांवर आला. चौघांची नावं घेतली.

"आणि धाकटी, हिनेआवा."

तो तिथंच थांबला. वारा होता, झग्याची पिसं हलत होती.

"इथं आम्ही थांबतो," तो म्हणाला. "नेहमीच. माझा बाप इथं थांबायचा, त्याचा बापही. यापुढं काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही."

त्यानं टामातीकडं पाहिलं. टामातीनं मेरेआनाकडं. तिला वंशावळ तोंडपाठ होती, सात वर्षं दुसरं केलं काय होतं? पण सगळ्या ओळी तिनं हाकोपापासून पाठ केल्या होत्या.

बोलली ती मावशी.

"हिनेआवाचा इहाका," ती म्हणाली. पहिलं नाव अडखळत आलं, पुढची अडखळली नाहीत. "इहाकाची पेती. पेतीची काटारीना. काटारीनाच्या दोघी, मी टे पाएआ आणि माझी रोइमाता. मला मूल नाही. रोइमाताचा टामाती." तिनं हात लांब करून मेरेआनाचं मनगट पकडलं. "आणि ही मेरेआना. हिनं तुम्हाला शोधलं."

"आता बसतो मी," मानाही म्हणाला आणि खरोखरच गवतावर बसला.

टामाती रडत होता, मघासारखाच, सगळ्यांसमोर. झग्याची एक गाठ वाऱ्यानं सुटली होती. मेरेआना पुढं झाली आणि तिनं ती पुन्हा बांधली, घट्ट. कुणी का म्हणून विचारलं नाही.

भाषण संपलं की गाणं लागतं. गाण्याशिवाय बोलणं उघडं पडतं. मावशीनं तेच गाणं उचललं, या वेळी हळू, आणि दोन्हीकडच्या बायांनी पहिलं कडवं मिळून म्हटलं. ते संपलं तशी मावशी थांबली.

"पुढचं मला येत नाही," ती तीरियाला म्हणाली. "आमच्यात ते आलंच नाही. आजी म्हणायची, म्हातारी एवढंच गायची. आम्हाला वाटायचं, गाणं एवढंच आहे."

"ती विसरली असेल," मेरेआना म्हणाली.

"नाही गं बाळा," तीरिया म्हणाली. तिनं दगडावरचा झगा हातानं सारखा केला, लेकराच्या अंगावरचं पांघरूण करावं तसा. "विसरली नाही. पहिलं कडवं आम्ही पाळण्यातल्या पोरांना गातो. दुसरं मुलीला ती वयात आली की शिकवतो."

मेरेआनाला समजायला क्षणभर वेळ लागला. मग ती दगडाला धरून खाली बसली. पाणी भरायला, रताळी खणायला, न्हाऊमाखू घालून गोऱ्याच्या घरी पाठवायला. तिला तर अजून दुसरं कडवंही यायचं होतं.

सगळ्यांच्या मागं रावीरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मावशी तशीच उभी होती. मग ती एक पाऊल तीरियाच्या जवळ गेली.

"मला शिकव," ती म्हणाली.